जमा, नावे आणि पहिले पाच सामने

24 ऑक्टोबर 2018 च्या रात्री मी वहीत लिहिलं होतं, 'या संघाचं काही खरं नाही. कोच दिवाळी बघत नाही.' त्या संध्याकाळी फातोर्ड्याला एफसी गोवाने आमच्या मुंबई सिटीला पाच गोल मारले होते आणि आमच्याकडून एकही झाला नव्हता. हंगामाचे चार सामने झालेले. दोन हारलो, एक बरोबरी, एक जिंकलो. गोल केले तीन, खाल्ले आठ. कोणत्याही दुकानाचा असा ताळेबंद माझ्यासमोर आला असता, तर मालकाला शटर ओढायचाच सल्ला दिला असता.

माझा धंदाच तो आहे. जोगेश्वरीत घरी बसून दहा-बारा दुकानांचे हिशेब लिहिते. माहेर कोल्हापूर, त्यामुळे फुटबॉल हुंड्यातच आला म्हणा. मुंबईत येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी भाचा खालून हाक मारतो तेव्हा तोंडातून 'आलो, थांब' असंच जातं. कोल्हापूरच्या आम्ही बायका आलो-गेलोच म्हणतो, आणि नवऱ्याला अजून त्याची मौज वाटते. मुंबई सिटीची वही मात्र 2014 पासून नेमाने चालू आहे. प्रत्येक हंगामाच्या आधी दोन रकाने पाडते. डावीकडे जमा, म्हणजे आलेले खेळाडू. उजवीकडे नावे, म्हणजे गेलेले. खाली पहिल्या पाच सामन्यांचे निकाल, आणि त्याखाली माझा शेरा. शेरा पेनाने लिहायचा आणि खोडायचा नाही, एवढाच नियम.

तर 2018. त्या पाच गोलांनंतर हा संघ पुढचे सलग नऊ सामने हरला नाही. डिसेंबरात केरळा ब्लास्टर्सला अंधेरीत 6-1 असं धुतलं, त्यात सेनेगलच्या मोदू सुगूचे एकट्याचे चार गोल. इंडियन सुपर लीगच्या दहा संघांत तिसरा नंबर आणि उपांत्य फेरी. कोचने दिवाळी पाहिली, नाताळ पाहिला, होळीपर्यंत मुक्काम केला. तो जॉर्ज कोस्टा, ज्याच्या कप्तानीत पोर्तोने 2004 साली चॅम्पियन्स लीग जिंकली होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो वारल्याची बातमी आली, तेव्हा मी ते पान काढून माझा शेरा पुन्हा वाचला. नियमाप्रमाणे खोडला नाही. नुसती वही मिटली.

चुकलं कुठे, हे आता सांगता येतं. चार सामन्यांच्या गुणांवर मी नजर ठेवली, आणि रकाने बघायला विसरले. गोलमध्ये अमरिंदर सिंग होताच. मधल्या फळीत पाउलो माशादो नवा आला होता, उजवीकडून अर्नोल्ड इसोको धावत होता, पुढे सुगू. सगळे एकमेकांना अनोळखी. सुगूला पास कधी हवा, हे इसोकोला ऑक्टोबरात कळणार नव्हतं, डिसेंबरात कळलं. शिवाय ज्यांनी पाच मारले तो गोवा त्या दोन-तीन वर्षांत लीगमधला सगळ्यात जास्त गोल करणारा संघ होता आणि सामना त्यांच्या घरच्या मैदानावर होता. फातोर्ड्याला गोव्याचा स्ट्रायकर कोरो याच्यापुढे बऱ्याच जणांचं वस्त्रहरण झालंय. हे सगळं वहीत लिहिलेलं होतं. मी वाचलंच नाही.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. कबड्डीत एका सामन्यात एकेका संघाचे तीसचाळीस गुण होतात. एखादी पकड चुकली, एखादा पंच चुकला, तरी चाळीस मिनिटांत चांगला संघ बहुधा वर येतोच. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल. एका गोलने जग इकडचं तिकडे होतं, आणि तो एक गोल बचावपटूच्या ढोपराला लागूनही जाऊ शकतो. म्हणून चारपाच सामन्यांच्या गुणतालिकेत नशिबाचा वाटा फार मोठा असतो. चोवीस सामन्यांनंतर तो बराच फिटतो. मधल्या काळात आपल्यासारख्यांनी काय बघायचं, हा खरा प्रश्न.

माझ्या भाच्याकडे त्याचं उत्तर मोबाइलमध्ये असतं. त्याचं नाव एक्सजी. पहिल्यांदा त्याने सांगितलं तेव्हा मला वाटलं गाडीचं मॉडेल आहे.

"मावशी, सोपं आहे बघ," तो म्हणाला. "पेनल्टी चारातल्या साधारण तीन जातात ना? मग पेनल्टी मिळाली की खात्यात पाऊण गोल धरायचा. लांबून मारला तर शंभरातले दोनतीनच जातात, तर तेवढाच धरायचा. सगळ्या फटक्यांची बेरीज केली की किती गोल व्हायला हवे होते ते कळतं."

"म्हणजे येणे बाकी," मी म्हटलं.

"काय?"

"माल दिलाय, पैसे यायचेत. वसूल झाले तर झाले. पण ज्याची येणे बाकी दर महिन्याला मोठी, त्याचा धंदा चालू आहे. ज्याला एकदाच कुठूनतरी रोकड मिळाली आणि येणे शून्य, त्याचं अवघड."

त्याला ते पटलं असावं, कारण त्यानंतर तो मैदानावर आजूबाजूच्या पोरांनाही 'आपली येणे बाकी बघ किती आहे' असं सांगताना मी ऐकलंय. पण येण्यातली काही रक्कम बुडीतही असते, हे त्याला अजून शिकायचंय. दहा संधी निर्माण करून दहाही बाहेर मारणारा स्ट्रायकर एकदा आला की वर्षभर ते येणे नुसतं कागदावर राहतं.

2014 चं पान मी नव्या प्रेक्षकांना मुद्दाम दाखवते. इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम. सिनेमातला रणबीर कपूर संघाचा सहमालक, आणि जमा बाजूला फ्रान्सचा निकोलस अनेल्का, स्वीडनचा फ्रेडी युंगबर्ग. अशी नावं लिहिताना माझा हात थरथरला होता. पहिला सामना कोलकात्यात 0-3 हरलो. दुसरा नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर, पुण्याविरुद्ध. 5-0! ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने त्या लीगमधली पहिली हॅटट्रिक मारली. भाचा तेव्हा तिसरीत, माझ्या खांद्यावर उभा राहायचा तेवढा बाकी होता. घरी येऊन मी लिहिलं, 'फायनल पक्की.' पुढे काय झालं? सबंध हंगामात चौदा सामन्यांत मुंबईचे गोल झाले बारा. त्यातले पाच त्या एका रात्रीचे. आठ संघांत आम्ही सातवे. युंगबर्ग खेळला फक्त चार सामने. तेव्हाच्या नियमाने सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात चालायचे, त्यामुळे आम्हा सगळ्यांचं लक्ष त्या सहांवरच. उरलेले पाच भारतीय कोण, हे पोस्टर बघून कुणी विचारायचं नाही.

हा नियम पुढे बदलत गेला. 2021-22 पासून मैदानात परदेशी चारच, म्हणजे सात भारतीय हवेतच. माझ्या मते संघ जोखायची पद्धतच त्याने बदलली. परदेशी स्ट्रायकर जगात पुष्कळ मिळतात, पैसे टाका आणि आणा. पण चांगला भारतीय सेंटर-बॅक, चांगला भारतीय मधला खेळाडू मोजून पाचसहा. एक गेला की बाजारात तसा दुसरा नसतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये विमानतळावर हार घालून कोणाचं स्वागत झालं, याच्या फोटोंपेक्षा मी सात भारतीयांची यादी आधी करते.

हे शहाणपण माझं नाही. कोल्हापूरला आमच्या आण्णांबरोबर मी शाहू स्टेडियमवर जायची, पायऱ्यांवर बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या तालीम-संघांच्या नावांवर तिथे घरं दुभंगतात. आमची तालीम कुठली हे लिहीत नाही, नाहीतर अर्धं कोल्हापूर लेख इथेच बंद करेल. हंगामाच्या आधी खेळाडूंची नोंदणी व्हायची, कोण या पेठेतून त्या पेठेत गेला यावर चहाच्या गाड्यावर रात्री रंगायच्या. तिथे एक म्हातारे पैलवान यायचे, आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नसेल. पोरं सांगायची, आबा, औंदा अमका घेतलाय आपण, तमका घेतलाय. ते बशीतला चहा संपवायचे आणि म्हणायचे, "आला कोण ते गावभर झालंय. गेला कोण ते सांग की." माझ्या वहीचा उजवा रकाना तिथून आलाय.

आता दोन हंगाम शेजारी ठेवते, म्हणजे हा रकाना काय करतो ते दिसेल.

2020. करोनामुळे सबंध लीग गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत. आम्ही घरी टीव्हीसमोर, नवरा भांडी घासतोय आणि मी वही घेऊन. एफसी गोवातून कोच सर्जिओ लोबेरा आले, आणि त्यांच्यामागून अहमद जाहू, ह्यूगो बुमू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई. पहिला सामना वास्कोला, नॉर्थईस्टविरुद्ध. पहिल्याच अर्ध्यात जाहूला लाल कार्ड, दुसऱ्यात पेनल्टी, 0-1. दुसऱ्या दिवशी आमच्या गटातले लोक म्हणत होते की एवढा पैसा ओतला आणि हे फळ. मी मात्र या वेळी शहाणी झाले होते. दहाजणांनी हरलेला सामना हिशेबात अर्धाच धरायचा. आणि जमा बाजूचे चौघे एकमेकांना आणि कोचला आधीपासून ओळखणारे होते. 2018 सारखा ओळख व्हायला लागणारा वेळ इथे लागणार नव्हता. शेरा लिहिला, 'थांबा.' पुढचे बारा सामने हरलो नाही. गुण एटीके मोहन बागानइतकेच झाले, पण त्यांना दोन्ही वेळा हरवल्यामुळे पहिल्या नंबराला मिळणारी लीगची ढाल आमची. मग फायनलही त्यांच्याशीच, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, 2-1. ढाल आणि कप एकाच वर्षी. त्या रात्री नवऱ्यानेही भांडी सोडून टाळ्या वाजवल्या.

लगेच पुढचं वर्ष, 2021. पहिल्या सहातले पाच सामने जिंकलो. गोव्याला 3-0, मोहन बागानला 5-1. सहा सामन्यांत सतरा गोल! गुणतालिकेत वर. जमा बाजूला इगोर अंगुलो, आदल्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा. पोरं विचारत होती की ढाल पुन्हा कुठे ठेवायची. उजवा रकाना मात्र काही वेगळंच सांगत होता. नावे: गोलकीपर अमरिंदर. नावे: बुमू. दोघेही मोहन बागानला. आणि हंगाम तोंडावर असताना लोबेरांच्या जागी नवे कोच डेस बकिंगहॅम. सतरा गोल केले ते दिसत होतं, पण त्याच सहा सामन्यांत सात खाल्लेही होते. डिसेंबरच्या मध्यावर केरळाने तीन मारले आणि गाडी घसरली. तो धरून सलग सात सामने एकही विजय नाही. हंगाम संपला तेव्हा आम्ही पाचवे, उपांत्य फेरीच्या बाहेर. बकिंगहॅम वाईट कोच होते असं नाही, हे लगेच सांगते. त्यांच्याच हाताखाली 2022 च्या एप्रिलमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढल्या हंगामात त्यांनी संघ अठरा सामने अजिंक्य ठेवला. फक्त त्या पहिल्या सहा सामन्यांनी आम्हाला जे दाखवलं, ते खोटं होतं.

मग कुणी विचारेल, सुरुवात वाईट झाली की धीर धरायचा आणि चांगली झाली की घाबरायचं, एवढंच ना? तसं असतं तर वहीची गरजच नव्हती. कधीकधी सुरुवात खरंच बोलते. 2024 बोललं.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही सॉल्ट लेकला, मोहन बागानच्या अंगणात, त्यांना 3-1 हरवून कप आणला होता. आमचा पहिला गोल होर्हे पेरेरा डियाझचा. कप उचलला कप्तान राहुल भेकेने, मुंबईत जन्मलेला मुलगा, त्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी. मग उजवा रकाना भरायला लागला. भेके बेंगळुरूला. पेरेरा डियाझ बेंगळुरूला. मधल्या फळीतला नोगेरा बेंगळुरूला. आणि आपुइया, मोहन बागानला.

आपुइयाबद्दल जरा सांगायला हवं, कारण टीव्हीवर अशा माणसाचं काम दिसत नाही. मिझोरामचा मुलगा, मधल्या फळीत बचावाच्या पुढे उभा. गोल फारसे करत नाही, टाळ्या घेत नाही. आपला हल्ला फसला आणि चेंडू समोरच्याकडे गेला, की पुढच्या दोन सेकंदांत जो तिथे पोचलेला असतो, तो हा. बचावपटूकडून चेंडू घ्यायचा, मान वळवून बघायचं आणि मोकळ्या माणसाला द्यायचा. घरात असा एखादा माणूस असतो ना, ज्याच्यामुळे गॅस कधी संपत नाही आणि तो काय करतो हे तो गावाला गेल्यावरच कळतं.

जमा बाजूही रिकामी नव्हती. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस, ज्याचा पास बघावा. ग्रीसचा करेलिस, व्हॅन नीफ, सीरियाचा बचावपटू क्रौमा. नावं बरी होती. पहिला सामना पुन्हा सॉल्ट लेकला, 0-2 वरून 2-2 केलं. काय जल्लोष! मी वहीत बघितलं तर आमचे दोन्ही गोल बचावपटूंचे, तिरी आणि क्रौमा. शिवाय तिरीने आधी एक स्वतःच्याच जाळ्यात घातला होता. दुसरा जमशेदपूरला 2-3 हरलो. तिसरा अंधेरीत बेंगळुरूशी, आणि त्या दिवशी मी मैदानात होते.

आमचं मैदान छोटं आहे. आझाद नगर मेट्रोला उतरायचं, वीरा देसाई रोडवरून चालत जायचं, वाटेत वडापाव. आत वेस्ट ब्लॉक या समर्थक गटाची पोरं नव्वद मिनिटं ढोल वाजवत उभी असतात. मैदान लहान असल्याचा फायदा असा, की चेंडू सोडून बाकीचे काय करतायत ते दिसतं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो. मी दहा मिनिटं फक्त आमची बचावफळी आणि मधली फळी यांच्यातल्या जागेकडे बघत बसले. ती जागा मोठी होती. आमचा हल्ला तुटला की समोरचा तिथे सुखाने चेंडू घेऊन वळत होता. आमचा विंगर छांगटे पुढे हात वर करून उभा, आणि चेंडू त्याच्यापर्यंत यायचा तर बाजूबाजूने सगळा गाव फिरून. 0-0. लोक म्हणाले, निदान गोल तरी खाल्ला नाही.

"येणे किती?" मी भाच्याला विचारलं.

त्याने मोबाइल खिशात टाकला. "मावशी, राहू दे."

शेरा लिहिला, 'मधलं माणूस गेलंय. सहावे-सातवे.' चौथ्या सामन्यात गोव्याला हरवलं तेव्हा आमच्या गटातल्या एकाने मला पेढा आणून दिला, शेरा खोड म्हणून. पेढा खाल्ला, शेरा तसाच ठेवला. आदल्या हंगामात 22 सामन्यांत 42 गोल केलेल्या संघाने या वेळी 24 सामन्यांत 29 केले. नऊ सामने बरोबरीत. सहावा नंबर, म्हणजे बाद फेरीत जेमतेम पाय.

यात माझी हुशारी थोडी आणि दहा वर्षांच्या चुका जास्त आहेत. तुम्हाला करून बघायचं असेल तर वही आणि पेन पुरे. पहिल्या पाच सामन्यांचे गुण लिहा, पण पुढे हेही लिहा की घरी खेळलात की बाहेर, समोर कोण होतं, कुणाला लाल कार्ड मिळालं, गोल कुणी केले आणि सत्तराव्या मिनिटाला बाकावरून उठून कोण आत गेला. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी उजवा रकाना भरून ठेवा. नंतर भरला तर मन आपल्या सोयीने नावं विसरतं.

29 मार्च 2025 ला बाद फेरीचा सामना कांतीरवा स्टेडियमवर झाला. समोर बेंगळुरू. आम्ही 0-5 हरलो. चौथा गोल सुनील छेत्रीचा, तोही एकेकाळी आमचाच. पाचवा होर्हे पेरेरा डियाझचा.